ॲल्युमिनियम एक्स्ट्रूजन आणि बारमधली कणरचना: या चुका टाळा

कुपवाड, मिरज आणि साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींत ॲल्युमिनियमचे बार किंवा सेक्शन विकत घेऊन त्यावर लेथचे, मिलिंगचे किंवा वाकवण्याचे काम करणाऱ्या लहान कारखान्यांची तक्रार बहुधा ठरलेल्या शब्दांत येते: माल मऊ आला, टेम्पर बसला नाही, फिनिश येत नाही. तक्रार खरी असते, पण तिचे कारण एजिंग ओव्हनमध्ये, म्हणजे ताकद येण्यासाठी माल मंद आचेवर ठेवण्याच्या भट्टीत, शोधले जाते आणि तिथे ते बरेचदा सापडत नाही. बिलेट, म्हणजे तापवलेल्या ॲल्युमिनियमचा दंडगोल ठोकळा, प्रेसच्या डायमधून (साच्याच्या भोकातून) बाहेर पडत असताना आणि त्यानंतरच्या काही सेकंदांत धातूच्या आत जे घडायचे ते घडून गेलेले असते. त्या वेळी होणाऱ्या तीव्र विरूपणाने कणरचना, म्हणजे धातूतल्या स्फटिककणांचा आकार आणि मांडणी, पार बदलते आणि हा बदल बारच्या कडेला व गाभ्यात, तसेच पुढच्या व मागच्या टोकाला सारखा नसतो. पुढे दिलेल्या बहुतेक चुका हा फरक लक्षात न घेतल्यामुळेच होतात.

बार सगळीकडे सारखा असतो असे गृहीत धरणे

१५० मिलिमीटर व्यासाच्या बिलेटपासून २५ मिलिमीटरचा बार काढला, तर काटछेदाचे क्षेत्रफळ ३६ पटींनी घटते. या ३६ चा नैसर्गिक लॉगॅरिदम घेतला की सरासरी स्ट्रेन, म्हणजे धातू किती ताणला गेला याचे माप, ३.६ च्या घरात जातो. ६०८२ सारख्या मिश्रधातूचा, एजिंग करून पूर्ण ताकद आणलेला, म्हणजे टी६ टेम्परमधला नमुना तन्यता चाचणीत ०.१ च्या आसपासच्या स्ट्रेनला तुटतो, हे लक्षात घेतले म्हणजे प्रेसमध्ये धातूला किती सोसावे लागते याची कल्पना येते. तो तुटत नाही, कारण सगळ्या बाजूंनी दाब असतो आणि तापमान ४५० ते ५५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते.

हा ३.६ चा आकडा मात्र केवळ सरासरी आहे. सपाट तोंडाच्या डायपुढे कंटेनरच्या (बिलेट धरणाऱ्या नळकांड्याच्या) कोपऱ्यात धातूचा एक भाग जवळजवळ जागचा हलत नाही. त्याला प्रेसवरचे लोक डेड झोन म्हणतात. या थांबलेल्या धातूच्या आणि मधून वाहणाऱ्या धातूच्या सीमेवर प्रचंड कातर होते, आणि नेमका तिथून निघालेला धातू पुढे डायच्या बेअरिंगवर, म्हणजे भोकाच्या आतल्या सपाट पट्टीवर, घासत बारचा पृष्ठभाग बनतो. त्यामुळे कडेच्या एक-दोन मिलिमीटरमधला स्ट्रेन आणि स्ट्रेन-रेट गाभ्याच्या कित्येक पट जास्त असतो, आणि घर्षणाने तिथले तापमानही वाढलेले असते.

ॲल्युमिनियमची स्टॅकिंग फॉल्ट ऊर्जा (अणूंच्या थरांची रचना चुकायला लागणारी ऊर्जा) जास्त असल्यामुळे त्यातील डिसलोकेशन, म्हणजे स्फटिकातल्या रेषेसारख्या त्रुटी, सहज आडवळण घेतात, एकमेकांना रद्द करतात आणि उरलेली नीटनेटक्या भिंतींत रचली जातात. या क्रियेला रिकव्हरी म्हणतात. तिच्यामुळे गाभ्यातले मूळ कण लांबच लांब ताणले जातात आणि त्यांच्या पोटात काही मायक्रॉन आकाराचे सबग्रेन (उपकण) तयार होतात. उसाचे कांडे उभे चिरल्यावर जसे धागे दिसतात तशी ही रचना असते, आणि तिची ताकदही लांबीच्या दिशेत चांगली, आडव्या दिशेत कमी असते. ६०८२, २०१४, ७०७५ यांसारख्या मिश्रधातूंच्या बारमध्ये हा तंतुमय गाभा हवाच असतो.

कडेला परिस्थिती वेगळी असते. तिथले कण इतके चपटे होतात की त्यांची जाडी सबग्रेनच्या आकाराला येऊन भिडते, समोरासमोरच्या दातेरी कणसीमा एकमेकींना भेटतात आणि एका लांब कणाचे अनेक बारीक कण होतात. शिवाय विरूपणाची बरीच ऊर्जा या थरात साठून राहते. बार डायबाहेर पडला की दाब संपतो, तापमान मात्र तसेच असते. त्या साठलेल्या ऊर्जेच्या जोरावर काही सेकंदांत नवे कण उगवतात, वाढतात आणि बारभोवती जाड कणांचे एक कडे तयार होते. गाभ्यात काही मायक्रॉनचे सबग्रेन आणि कडेला नुसत्या डोळ्यांनी दिसतील एवढे कण, अशी दुहेरी रचना एकाच काटछेदात असते. वाकवताना संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होणारा पृष्ठभाग, ॲनोडायझिंगनंतर दिसणारे चट्टे, लेथवर कडेच्या थरात बिघडणारे फिनिश आणि फोर्जिंगनंतर कमी भरणारे फटीग आयुष्य या तक्रारींचे मूळ फार वेळा या कड्यात असते.

पोलादाची सवय ॲल्युमिनियमला लावणे

सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात बिडाचे आणि पोलादाचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, आणि त्या कामातले एक पक्के ज्ञान असे की कण जाड झाले तर नॉर्मलायझिंग करावे, म्हणजे तापवून हवेत थंड करावे. पोलादाला ते लागू पडते, कारण लोखंडाची स्फटिकरचना तापवताना आणि थंड होताना बदलते व त्या बदलात नवे बारीक कण जन्माला येतात. ॲल्युमिनियममध्ये असा बदल होतच नाही. खोलीच्या तापमानापासून ६६० अंशांना वितळेपर्यंत त्याची स्फटिकरचना एकच राहते. जाड कणांचा बार पुन्हा भट्टीत घालून सोल्यूशन ट्रीटमेंट (मिश्रणातले घटक उच्च तापमानाला विरघळवणे) आणि एजिंग केल्याने ताकद देणारे बारीक अवक्षेप नव्याने बसवता येतात. जाड कण मात्र बारीक होत नाहीत, उलट कडे आणखी आत सरकण्याची शक्यता असते. कण बारीक करायचे तर पुन्हा विरूपण करूनच ते करावे लागते, आणि तयार बारच्या बाबतीत ते बहुधा शक्य नसते. म्हणून असा माल हातात आल्यावर भट्टीचा खर्च करण्याआधी कड्याची खोली मोजावी, आणि ते कडे मशिनिंगमध्ये निघून जाते का, एवढेच पाहावे. ३० मिलिमीटरच्या बारमधून २२ मिलिमीटरचा स्पूल काढायचा असेल आणि कडे तीन मिलिमीटर खोल असेल, तर तो बार नाकारण्याचे कारण नाही. तोच बार तसाच वाकवायचा किंवा फोर्ज करायचा असेल, तर मात्र तो स्वीकारू नये.

फक्त कडकपणा मोजून रचनेबद्दल निष्कर्ष काढणे

माल आला की वेबस्टरचा चिमटा लावायचा आणि काटा ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की माल पास करायचा, ही पद्धत टेम्पर तपासायला पुरेशी आहे. कणरचना तपासायला ती निरुपयोगी आहे. ६००० मालिकेतल्या मिश्रधातूंचा कडकपणा मुख्यतः मॅग्नेशियम आणि सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म अवक्षेपांमुळे येतो. कणसीमांचा वाटा हॉल-पेच संबंधाने (कण बारीक तशी ताकद जास्त, हे सांगणाऱ्या सूत्राने) काढला, तर ॲल्युमिनियममध्ये कण ५० मायक्रॉनवरून ५ मायक्रॉनवर आणल्याने यील्ड स्ट्रेंग्थ, म्हणजे कायमचे विरूपण सुरू होण्याचा ताण, साधारण वीसेक मेगापास्कलने वाढते. एवढा फरक चिमट्याच्या वाचनात सहज लपून जातो. म्हणजे जाड कणांचे कडे असलेला बार व्यवस्थित एजिंग झालेला असेल तर कडकपणाच्या चाचणीत सुखरूप पास होतो आणि वाकवण्याच्या मशिनवर फसतो. दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर असतात.

रचना पाहायची असेल तर मॅक्रोएचिंग करावे. ते कोणत्याही कारखान्यात करता येते, आणि मी तर म्हणेन की बार विकत घेणाऱ्या प्रत्येकाने त्याची सोय करून ठेवावी. बारचा दहा-पंधरा मिलिमीटर जाडीचा काप करवतीने काढावा, लेथवर फेसिंग करून तो सपाट करावा आणि १८० पासून ४०० पर्यंतच्या एमरी पेपरवर पाण्याखाली घासून टूलच्या खुणा घालवाव्यात. कॉस्टिक सोड्याचे सुमारे १० टक्क्यांचे द्रावण ६० ते ७० अंशांपर्यंत तापवून काप त्यात काही मिनिटे ठेवावा. बुडबुडे जोरात येतात, काप काळा पडतो. तो बाहेर काढून धुवावा आणि पातळ नायट्रिक ॲसिडमध्ये बुडवावा की काळी काजळी निघून जाते व खाली चकचकीत कण उघडे पडतात. बारीक रचनेचा गाभा एकसारखा करडा आणि मंद दिसतो. कडेचे जाड कण प्रकाशात काप फिरवला की एकेक करून चमकतात आणि विझतात. कड्याची आतली सीमा इतकी स्पष्ट असते की साध्या पट्टीनेही खोली मोजता येते.

हे करताना सोडा पाण्यात थोडाथोडा घालावा, सोड्यावर पाणी ओतू नये. ॲल्युमिनियम आणि कॉस्टिक यांच्या क्रियेतून हायड्रोजन निघतो, म्हणून काम उघड्या, हवेशीर जागी करावे आणि जवळ वेल्डिंग चालू नसावे. चष्मा आणि रबरी हातमोजे यांत सूट घेऊ नये. गरम कॉस्टिकचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते.

नमुना सोयीच्या टोकाचा घेणे

डायरेक्ट एक्स्ट्रूजनमध्ये बिलेट कंटेनरच्या भिंतीवर घासत पुढे सरकते. बिलेटचा मागचा भाग डायपर्यंत पोचेतो त्याच्या बाहेरच्या थरात अधिकाधिक कातर साठत जाते. म्हणून जाड कणांचे कडे बारच्या पुढच्या टोकाला पातळ आणि मागच्या टोकाकडे जाड होत जाते. पुरवठादाराने पुढच्या टोकाचा काप दाखवला तर तो निर्दोष दिसू शकतो आणि त्याच बारच्या मागच्या टोकाला कडे काही मिलिमीटर खोल असू शकते. तपासणीचा नमुना मागच्या टोकाचा मागावा, आणि शक्य असेल तर दोन्ही टोकांचा.

मागच्या टोकाला आणखी एक दोष असतो. बिलेटची ऑक्साइड आणि घाण असलेली त्वचा कंटेनरच्या भिंतीला चिकटून राहते आणि रॅम (बिलेट ढकलणारा दट्ट्या) पुढे येईल तशी मागच्या बाजूला गोळा होते. शेवटी बट म्हणून जो तुकडा कापून टाकायचा तो वजन वाचवण्यासाठी फार पातळ ठेवला, तर ही त्वचा आत ओढली जाऊन बारच्या पोटात वर्तुळाकार फट तयार करते. हा दोषही त्याच मॅक्रोएचिंगमध्ये दिसतो, पण कड्याशी त्याचा गोंधळ करू नये. त्याचे कारण वेगळे, उपायही वेगळा, तो म्हणजे बट पुरेसा जाड ठेवणे.

ग्रेडचे नाव सांगून थांबणे

आपल्याकडे दुकानात अजूनही एचई३० मागितला जातो. त्याचा अर्थ ६०८२ च्या जातीचा, आयएस ७३३ या भारतीय मानकातला ६४४३० हा ग्रेड. एचई९ म्हणजे ६०६३ च्या जातीचा ६३४००, आणि एचई२० म्हणजे ६०६१ च्या जातीचा ६५०३२. नाव बरोबर असूनही दोन गिरण्यांचे बार कणरचनेत अगदी वेगळे निघू शकतात, आणि त्याचे एक मोठे कारण मँगनीज हे आहे. ६०८२ मध्ये मँगनीज ०.४ ते १.० टक्का चालते आणि क्रोमियम ०.२५ टक्क्यापर्यंत. बिलेटच्या होमोजिनायझिंगमध्ये, म्हणजे एक्स्ट्रूजनआधी बिलेट तापवून रचना एकसारखी करताना, या दोन धातूंच्या संयुगांचे अतिशय बारीक, दाट पसरलेले कण बनतात. त्यांना डिस्पर्सॉइड म्हणतात. सरकू पाहणाऱ्या कणसीमा ते अडवून धरतात आणि तंतुमय रचना टिकवतात. ते जितके बारीक आणि जितके जास्त, तितकी अडवण्याची ताकद मोठी. ०.४ टक्का मँगनीज आणि नावापुरतेही क्रोमियम नसलेला बार नियमात बसतो, पण कडे जाड होण्याची शक्यता त्यात जास्त असते. म्हणून चाचणी-प्रमाणपत्रातील मँगनीज आणि क्रोमियमचे प्रत्यक्ष आकडे वाचावेत.

प्रेस चालवणाऱ्यांची याच्या जोडीची चूक होमोजिनायझिंगमध्ये होते. ६०६३ ला चांगले ठरलेले ५७० ते ५८० अंशांचे तापमान सवयीने ६०८२ लाही लावले जाते. ६०६३ मध्ये लोहाचे टोकदार बीटा कण बदलून गोलसर अल्फा कण बनवायचे असतात आणि त्यासाठी ते तापमान योग्य असते. मँगनीजवाल्या मिश्रधातूत मात्र जास्त तापमानाला डिस्पर्सॉइड मोठे आणि विरळ होतात, आणि त्यांची अडवण्याची ताकद जाते. ६०८२ मध्ये तंतुमय रचना हवी असेल तर होमोजिनायझिंगचे तापमान यापेक्षा खाली, साधारण ५३० ते ५५० अंशांच्या टप्प्यात ठेवण्याकडे कल असतो. दोन्हींत त्यानंतर बिलेट वेगाने थंड करणे आवश्यक असते. भट्टीत सावकाश थंड झालेल्या बिलेटमध्ये मॅग्नेशियम सिलिसाइडचे मोठे कण राहतात. प्रेसमध्ये ते विरघळायला वेळ मिळत नाही आणि त्यांच्याभोवतीचा धातू आधी वितळू लागतो.

प्रत्येक दोषावर तापमान वाढवणे

प्रेस अडला, दाब वाढला, की बिलेटचे तापमान वीस अंशांनी वाढवायचे, हा उपाय इतका सहज केला जातो की त्याची नोंदसुद्धा ठेवली जात नाही. या विषयात सगळ्यात जास्त गुंतागुंत इथेच आहे.

विरूपणाचा वेग आणि तापमान यांचा एकत्रित परिणाम झेनर-हॉलोमन पॅरामीटरने मांडतात. वेग वाढला किंवा तापमान उतरले की तो वाढतो. तो वाढला की सबग्रेन बारीक होतात, पण साठलेली ऊर्जाही वाढते, आणि डायबाहेर पडल्यावर तीच ऊर्जा नव्या जाड कणांना जन्म देते. याचा व्यवहारातला अर्थ असा की थंड बिलेट घेऊन वेगाने काढलेल्या ६०८२ च्या बारमध्ये कडे जाड होण्याचा संभव अधिक, आणि गरम बिलेट घेऊन सावकाश काढलेल्या बारमध्ये तंतुमय रचना टिकण्याचा संभव अधिक. डायची बेअरिंग गरजेपेक्षा लांब ठेवली तरी घर्षण वाढून हाच त्रास होतो.

मग तापमान वाढवत का जाऊ नये? कारण वरच्या बाजूला भिंत आहे. ६००० मालिकेत अतिरिक्त सिलिकॉन असेल तर ५५५ अंशांच्या आसपास स्थानिक वितळणे सुरू होऊ शकते, आणि घर्षणाने तापलेला पृष्ठभाग तिथे सर्वांत आधी पोचतो. त्या क्षणी बारच्या पृष्ठभागावर आडव्या भेगा पडतात, एकामागून एक, ठरावीक अंतराने. ही भेग पाहून तापमान आणखी वाढवणे ही सर्वांत महागडी चूक आहे. इथे वेग किंवा बिलेटचे तापमान कमीच करावे लागते. खालच्या बाजूलाही मर्यादा आहे. मॅग्नेशियम सिलिसाइड विरघळलेले राहण्यासाठी ६०६३ चे डायबाहेरचे तापमान ५१० अंशांच्या आणि ६०८२ चे ५३० च्या वर असावे लागते, नाहीतर प्रेसवरच क्वेंच केलेल्या (झटकन थंड केलेल्या) मालात एजिंगनंतर ताकद येत नाही. म्हणजे ६०८२ साठी मोकळी जागा जेमतेम वीसेक अंशांची उरते. विरूपणाच्या उष्णतेने बार मागच्या टोकाकडे तापत जातो, म्हणून पुढचे टोक जास्त आणि मागचे कमी तापवलेले बिलेट वापरून बाहेरचे तापमान एकसारखे ठेवणे हा खरा उपाय आहे. प्रत्येक पुशचे (एक बिलेट दाबून काढण्याचे) डायबाहेरचे तापमान आणि रॅमचा वेग लिहून ठेवला तरच पुढे आलेल्या तक्रारीचे मूळ शोधता येते.

७०७५ आणि २०२४ मध्ये ही अडचण अधिक तीव्र आहे. त्यांची वितळण्याची सुरुवात खालच्या तापमानाला होते, म्हणून ते मिनिटाला थोडेच मीटर, फार सावकाश काढावे लागतात, आणि उत्पादन वाढवण्याचा मोह तिथे लगेच भेगांच्या रूपाने दिसतो.

ताणून मग सोल्यूशन ट्रीटमेंट करणे

बार सरळ करण्यासाठी अर्धा ते दीड टक्का ताणणे ठीक असते. पण वेगळ्या भट्टीत सोल्यूशन ट्रीटमेंट करायची असेल तर हे ताणणे क्वेंचनंतर करावे. आधी काही टक्के ताणून मग ५३० अंशांना तापवले, तर नव्या कणांची बीजे थोडीच तयार होतात आणि ती थोडी बीजे अवाढव्य वाढतात.

क्वेंच उशिरा आणि अपुरा करणे

६०६३ चे पातळ सेक्शन पंख्याच्या हवेवर पुरेसे थंड होते; ६०८२ आणि ६०६१ ला, विशेषतः जाड बारमध्ये, पाणी लागते. यामागेही रचनेचे कारण आहे. ज्या डिस्पर्सॉइडमुळे तंतुमय रचना टिकते, त्यांच्याच पृष्ठभागावर थंड होताना मॅग्नेशियम सिलिसाइड जाड स्वरूपात बाहेर पडते. म्हणजे रचना टिकवणारा घटक क्वेंचबद्दलची संवेदनशीलता वाढवतो, आणि मँगनीज वाढवले तर क्वेंच अधिक जोरदार हवा. पुनःस्फटिकीकरण, म्हणजे नवे कण उगवणे, सेकंदांत होत असल्यामुळे पाण्याचा फवारा डायच्या जितका जवळ तितका कडे रोखायला उपयोगी. डायपुढच्या रनआउट टेबलच्या मधोमध बसवलेला फवारा टेम्पर वाचवतो, कडे रोखत नाही.

आपल्या हवामानाची इथे वेगळी दखल घ्यावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत सांगलीत पारा चाळीस अंशांना टेकतो. टाकीतले पाणी मुळातच कोमट असते आणि दुपारच्या पाळीत ते आणखी तापते. डिसेंबरमध्ये पास झालेली पद्धत मेमध्ये नापास होते आणि दोष बिलेटला दिला जातो. टाकीत थर्मामीटर कायम बसवलेला असावा आणि पाणी खेळते ठेवावे. क्वेंच आणि एजिंग यांत दिवसच्या दिवस जाऊ देणेही ६०८२ व ६०६१ मध्ये टाळावे, कारण खोलीच्या तापमानाला तयार होणारे अणूंचे गुच्छ नंतरच्या एजिंगमधली ताकद कमी करतात.

प्रयोगशाळेतल्या चुका

सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांसारख्या ठिकाणी शिकणाऱ्या ज्या विद्यार्थ्यांना तीव्र विरूपणाचा विषय प्रकल्पासाठी घ्यायचा असेल, त्यांनी एक भेद आधीच पक्का करावा. कारखान्यातले गरम एक्स्ट्रूजन कितीही तीव्र असले, तरी त्यातून निघणारे सबग्रेन हे एकमेकांपासून जेमतेम काही अंशांनी वळलेले असतात. एक मायक्रॉनपेक्षा बारीक आणि मोठ्या कोनाच्या सीमांनी वेगळे झालेले खरे कण हवे असतील तर कमी तापमानाला, काटछेद न बदलता, पुन:पुन्हा विरूपण करावे लागते. १९७० आणि १९८० च्या दशकांत मिन्स्क येथे व्लादिमीर सेगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली इक्वल चॅनल अँग्युलर प्रेसिंग, म्हणजे ईसीएपी, ही त्यातली सर्वपरिचित पद्धत; तिच्यात नमुना कोनात वळलेल्या, सारख्याच काटछेदाच्या चॅनलमधून ढकलतात. सबग्रेनचा आकार मोजून तोच कणांचा आकार म्हणून अहवालात लिहिणे ही या विषयातली सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. केलर द्रावणाने (ॲसिडच्या मिश्रणाने) एच करून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली हा भेद कळत नाही. बार्कर ॲनोडायझिंग करून ध्रुवित प्रकाशात कणांची कल्पना येते, आणि एक मायक्रॉनच्या खालच्या दाव्यासाठी ईबीएसडी (इलेक्ट्रॉनच्या विवर्तनाने कणांची दिशा मोजण्याची पद्धत) किंवा ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो.

दुसरी चूक केवळ पास, म्हणजे नमुना चॅनलमधून किती वेळा ढकलला ते, मोजण्याची. ९० अंशांच्या चॅनलमध्ये बाहेरचा कोपरा टोकदार असेल तर एका पासला स्ट्रेन सुमारे १.१५ मिळतो; तोच कोपरा २० अंशांनी गोल केला असेल तर तो १.०५ वर येतो, आणि गोल कोपऱ्याच्या बाजूला नमुन्याच्या तळाचा भाग त्याहूनही कमी विरूपित होतो. चार पास केले म्हणून स्ट्रेन ४.६ लिहिण्याआधी आपल्या डायचा कोपरा मोजावा, आणि कडकपणा काटछेदावर वरपासून खालपर्यंत जाळीने घ्यावा. प्रत्येक पासनंतर नमुना एकाच दिशेने ९० अंशांत फिरवला, तर रचना लवकर एकसारखी होते. नमुन्यावर खूण न केल्याने फिरवण्याची दिशा विसरली जाते आणि मग निकाल कशाचा आहे हे सांगता येत नाही.

७०७५ चा टी६ अवस्थेतला नमुना खोलीच्या तापमानाला दाबला तर तो चॅनलमध्येच तडकण्याची दाट शक्यता असते. ६०६१ आणि ७०७५ आधी सोल्यूशन ट्रीट करून, क्वेंच करून, मऊ अवस्थेत दाबावेत. आणि दाबून झाल्यावर हातपुस्तिकेतले ६०६१ चे १७५ अंशांचे आठ तास तसेच लावू नयेत. विरूपणाने भरलेल्या धातूत अणूंना सरकायला वाटा जास्त असतात, अवक्षेप फार लवकर येतात, आणि ज्या वेळापत्रकाने साध्या बारला पूर्ण ताकद येते त्याच वेळापत्रकाने हा नमुना ओव्हरएज होऊन मऊ पडतो. त्यात शुद्ध ॲल्युमिनियमचे अतिसूक्ष्म कण २०० अंशांच्या आसपासच वाढू लागतात. १०० ते १३० अंशांच्या दरम्यान, ठरावीक तासांनी एकेक तुकडा बाहेर काढून, कडकपणाचा आलेख स्वतः काढावा आणि त्याच ओव्हनमध्ये, त्याच वेळी, न दाबलेल्या नमुन्याचाही तुकडा ठेवावा. मधे वीज गेली तर तो काळ आणि ओव्हनचे उतरलेले तापमान वहीत लिहावे, कारण इतक्या कमी तापमानाच्या एजिंगमध्येही दोन-तीन तासांचा फरक आलेखावर दिसतो.